विम्यावर नंबर कोणाचा

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पांडेसऱ्यातल्या एका कापड रंगवायच्या मिलमध्ये, फोल्डिंग खात्यात, माझं आयुष्य गेलं. काम एकच. रंगून आलेला कापडाचा ताका टेबलावरून सरकत जातो आणि मी त्यात डाग, भोक, रंगाचा फरक शोधतो. अख्खा ताका स्वच्छ निघाला तर मला आनंद होत नाही. वाटतं, डाग होता, आपल्याच नजरेतून निसटला. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस घरीही तसाच होतो. भाजीवाल्याचा काटा मी वाकून बघतो. जावई फार गोड बोलला की आता हा काय मागणार, याची वाट बघतो. बायको म्हणते, तुमच्यासमोर देव उभा राहिला तरी तुम्ही आधार कार्ड मागाल. मागीन.

तर असा मी, आणि तरीही एका माणसावर माझा वीस वर्षं विश्वास होता. तो आमचा विमावाला. आमच्याच धुळे जिल्ह्याकडचा, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, मला दादा म्हणायचा. एकाच कंपनीचा एजंट. खांद्याला त्या कंपनीची बॅग, खिशाला त्या कंपनीचं पेन, आणि दिवाळीनंतर आमच्या प्रत्येक खोलीत लटकणारं कॅलेंडरही त्याच कंपनीचं. रविवारी सकाळी तो चौकातल्या चहाच्या टपरीसमोर बाकावर बसायचा. विमा घ्यायला लोक जायचेच, पण शाळेचा फॉर्म भरायला, बँकेचं पत्र वाचून घ्यायलाही जायचे. माझं म्हणणं असं होतं, की या माणसाकडे विकायला एकच वस्तू आहे, त्यामुळे फसवायला त्याला जागा कमी.

त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. आमच्या वस्तीत कोणाचा मोबाइल नंबर दोन वर्षं टिकत नसे. नव्या सिमवर तीन महिने फुकट बोलायला मिळालं की जुनं सिम खिडकीतून बाहेर. कोणी गावी गेला की येताना नवाच नंबर घेऊन यायचा. मी स्वतः चार नंबर बदलले. मग कंपनीचे निरोप जाणार कुठे? एजंटने सोपा मार्ग काढला. विम्याच्या फॉर्मवर मोबाइल नंबरच्या रकान्यात तो सगळ्यांच्या नावापुढे स्वतःचाच नंबर लिहायचा. हप्त्याची तारीख जवळ आली की निरोप त्याच्या मोबाइलवर वाजायचा आणि तो कागद घेऊन आमच्या दारात हजर व्हायचा. हे चूक आहे असं कोणालाच वाटलं नाही. पोस्टमनकडे पत्र असतं, तसा त्याच्याकडे आमचा निरोप असायचा.

माझ्या बायकोचे गुडघे त्याच्याच हाती होते, असं म्हटलं तरी चालेल. ती घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते. जमिनीवर मांडी घालून, साडी पुढे पसरून, दिवसभर. पंधरा वर्षं मांडी घातल्यावर उजवा गुडघा असा वाकडा झाला की दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत चढताना ती प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायची. डॉक्टर म्हणाले, वाटी बदलावी लागेल. मी मिलमध्ये ठेक्यावर, त्यामुळे कामगार विम्याचं कार्ड नाही. सरकारी कार्डाला रेशनकार्ड लागतं आणि आमचं गावाकडे थोरल्या भावाच्या कुटुंबात अडकलेलं. म्हणून आम्ही दोघांचा आजारपणाचा विमा काढला. गुडघ्याचं दुखणं फॉर्मवर खरं लिहिलं. एजंटने तेव्हाच बजावलं होतं की जुन्या दुखण्याला तीन वर्षं काही मिळणार नाही. मध्ये खंड पडला नाही, तर तीन वर्षं पुरी झाल्यावर सगळं मिळेल.

बायकोने ती तीन वर्षं कंपनीच्याच कॅलेंडरवर मोजली. तिसरं वर्ष संपत आलं तशी तिची तयारी सुरू झाली. मी मिलमधून आणलेल्या डागी कापडाचे तिने दोन सैल गाऊन शिवले. बहिणीला गावाहून बोलावून ठेवलं. ऑपरेशननंतर खाली बसता येत नाही, म्हणून उधन्याच्या बाजारातून मधे भोक असलेली संडासची प्लास्टिकची खुर्ची आणली आणि धुऊन कोपऱ्यात ठेवली. तारीख आली की हप्ता भरायचा, चौथं वर्ष सुरू करायचं आणि दवाखान्यात भरती व्हायचं, एवढंच उरलं होतं.

नेमका त्याच सुमाराला आमचा विमावाला बदलला.

म्हणजे त्याच्या कंपनीने आमच्याकडची शाखा बंद केली आणि एजंटांना सांगितलं, आता तुम्ही सुटे. नुसता आमचाच विमा विकायचं बंधन नाही. वाटेल त्या कंपनीचा विका, आमचाही विका. हे त्याने बाकावर बसून सगळ्यांना समजावलं. त्याची बॅग बदललेली होती. साधी काळी, कुठल्याच कंपनीची खूण नसलेली. फॉर्मच्या गठ्ठ्याऐवजी हातात मोठा मोबाइल होता आणि त्यात सात कंपन्या ओळीने उभ्या. बोट सरकवलं की ही, आणखी सरकवलं की ती. कोणाला कुठली बरी पडेल ते आता मी मोकळेपणाने सांगू शकतो, असं तो म्हणाला. तोंडावर समाधान होतं.

माझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. वीस वर्षं हा एका कंपनीची शपथ घेत होता. तीच सगळ्यात चांगली, असं आमच्या गळी उतरवत होता. आता म्हणतो, सहा आणखी आहेत. मग तेव्हा खोटं बोलत होता की आता बोलतोय? आणि मोकळेपणाने म्हणजे काय? बांधलेला माणूस कुठे बांधलाय ते तरी दिसतं. सुटलेला कोणाचा, हे कसं ओळखायचं? टपरीवरच्या दोघा-चौघांना मी हे बोलून दाखवलं. त्यांनी माना डोलावल्या, त्यामुळे मला आणखी जोर चढला.

मी तयारीत होतो. आता हा आपल्याकडे येणार, जुनी कंपनी सोडायला लावणार, नवीन कंपनीकडून त्याला जास्त मिळत असणार. तो आला. बायकोने चहा ठेवला. त्याने मोबाइलमध्ये सातही कंपन्या दाखवल्या, त्यातल्या दोन जुनीपेक्षा चांगल्या आहेत असंही कबूल केलं, आणि मग मोबाइल पालथा ठेवून म्हणाला, "दादा, औंदा हालू नका. शे तठेच ऱ्हावा. वहिनीना गुडघा व्हई जाऊ द्या, मंग दखसूत."

यंदा आहे तिथेच राहा, गुडघा झाल्यावर बघू, असं म्हणत होता. माझा अंदाज साफ चुकला होता. दुसरा कोणी असता तर त्याला बरं वाटलं असतं. मी उलट जास्त घाबरलो. सात कंपन्या खिशात घेऊन फिरणारा माणूस, स्वतःचा फायदा सोडून, मला जुन्या जागी राहा का म्हणतो? इथे नक्की पाणी मुरतंय. शिवाय जुन्या कंपनीचे सगळे निरोप अजून त्याच्याच मोबाइलवर जातात. काय येतं, काय नाही, आपल्याला कुठे दिसतं? त्याने मधल्या मधे काही दाबून ठेवलं तर?

तो गेल्यावर बायकोला मी हे सांगितलं. ती म्हणाली, त्याने चांगलं सांगितलं ते तरी तुम्हाला चांगलं का दिसत नाही? पण तेवढ्यावर थांबणारा मी नाही.

पुढच्याच आठवड्यात मिलमध्ये अर्ध्या दिवसाचा खाडा केला आणि कंपनीच्या शहरातल्या मोठ्या ऑफिसात गेलो. घरी सांगितलं नाही. टोकन घेऊन बसलो, आधार कार्ड दाखवलं आणि विम्यावरचा नंबर बदलून माझा स्वतःचा लिहायला लावला. काउंटरवरची मुलगी चांगली होती. गुजरातीत म्हणाली, "काका, हवे बधा मेसेज तमारा पर ज आवशे." सगळे निरोप आता माझ्यावरच येणार होते. तिथल्या जिन्यावरून उतरताना मला इतकं भारी वाटलं की खाली उभा राहून मी एक अख्खा ग्लास उसाचा रस प्यालो. वीस वर्षांनी पहिल्यांदा माझ्या आणि कंपनीच्या मधला माणूस मी बाजूला केला होता.

त्याच रविवारी बाकावर त्याच्याशी माझं वाजलं. तो काय म्हणाला हे महत्त्वाचं नाही, तो फारसं काही म्हणालाच नाही. मीच बोललो. चार लोकांसमोर म्हणालो, तू आता दुकानदार झालास, माझ्या घरी येत जाऊ नकोस, माझं मी बघून घेईन. घरी येऊन त्याचा नंबर मोबाइलमध्ये बंद करून टाकला. हे मला कामरेजला दिलेल्या मुलीने शिकवलं होतं, नको असलेले फोन कसे बंद करायचे ते. मला ती कला फार आवडली होती.

आणि हे दिवस कसले होते ते लक्षात घ्या. फोन लावला की समोरची घंटा वाजायच्या आधी एक बाई सांगायची, अनोळखी फोनपासून सावध राहा, लिंकवर क्लिक करू नका. मला ते ऐकून मनातून गार वाटायचं. मी जे आयुष्यभर सांगत आलो ते शेवटी सरकारला पटलं होतं. कतारगामला हिरे घासणारा आमच्या गावचा एक जण अशाच एका लिंकवर बोट ठेवून पुरता नागवला गेला होता. त्यामुळे माझं काही उगीच नव्हतं.

काही दिवसांनी माझ्या मोबाइलवर निरोप आला. इंग्रजीत, खाली निळी लिंक. पुसला. दुसरा आला. पुसायचाही कंटाळा केला, पाठवणाराच बंद केला. मग फोन आला. एक मुलगी हिंदीत गोड बोलत होती, सर, आपली पॉलिसी संपत आलीय. मी मनात म्हटलं, सापडली. तिची परीक्षा घ्यायची ठरवून विचारलं, माझ्या बायकोचं नाव सांग. तिने सांगितलं. जन्मतारीख विचारली, तीही बरोबर. मी चाट पडलो. एवढी माहिती चोरांना मिळाली कुठून? माझा संशय सरळ आमच्या विमावाल्यावर गेला. सात कंपन्यांना यादी विकली असणार. मी त्या मुलीला दोन शब्द सुनावले आणि तोही नंबर बंद केला. टपरीवर जाऊन हे मी रंगवून सांगितलं आणि लोकांनी माझी पाठ थोपटली.

बायको मधून मधून विचारायची, हप्ता भरला का. मी म्हणायचो, कागद येऊ दे. मला खरोखरच वाटत होतं की कागद येईल. इतकी वर्षं तारखेच्या आधी दारात छापील कागद यायचा, त्यावर शिक्का असायचा. तो कागद कंपनी पाठवते, हा नुसता पोचवतो, असं मी धरून चाललो होतो. तो एजंट स्वतः शाखेत जाऊन, रांगेत उभा राहून काढून आणायचा, हे मला माहीत नव्हतं. आता शाखाही नव्हती आणि आणणाऱ्याला मी दार बंद केलं होतं. एकदा मी कामावर असताना तो घरी येऊन गेला. बायकोला म्हणाला, दादांना सांगा, तारीख उलटली तरी महिनाभर मुभा असते, पण त्यानंतर नाही. बायकोने मला शब्दन् शब्द सांगितला. मी विचारलं, मी नसताना तो घरी कशाला आला?

माझा तेव्हाचा हा प्रश्न आठवला की आजही कानशिलं गरम होतात.

दिवाळी झाली. बायकोची बहीण आली. बायकोने गाऊन, टॉवेल, कंगवा, सगळं एका पिशवीत भरलं. हप्त्याचं मी तिला सांगितलं की दवाखान्यातच विचारून तिथल्या तिथे भरून टाकू, एक-दोन दिवस इकडे तिकडे. दवाखान्यात काउंटरवर विम्याचं कार्ड दिलं. तिथल्या मुलीने नंबर टाकला, पुन्हा टाकला, मग वर बघून म्हणाली की हा विमा बंद झालाय. मुभेचा महिना संपून नऊ दिवस झाले होते. नवीन काढता येईल, पण मग तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. बायको मागे बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला ऐकू गेलं. ती बहिणीच्या खांद्याला धरून उठली आणि रिक्षाकडे चालायला लागली.

रविवारी मी टपरीवर गेलो. माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता. बाकावर पाच-सहा जण होते, त्यांच्यादेखत त्याला म्हणालो, "सात कंपन्या मिळाल्या आणि माझी बायको विसरलास. माझा कागद दाबून ठेवलास."

तो उठला नाही, चिडला नाही. म्हणाला, "दादा, तुमचा मोबाइल द्या."

मी दिला. लपवण्यासारखं माझ्याकडे काय होतं? त्याने दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. बंद केलेल्या नंबरांचे निरोप एका बाजूला साठत जातात, हे मला मुलीने शिकवलं नव्हतं. कंपनीचे निरोप होते, ओळीने. आणि मधे मधे त्याचे स्वतःचे, मराठीत. शेवटचा असा होता: "दादा, दोन दिवस उरले. भांडण नंतर करू. आधी हप्ता भरा, नाहीतर वहिनींची तीन वर्षं पाण्यात जातील."

मी तो तिथेच उभ्या उभ्या दोनदा वाचला. डाग शोधायची नजर असलेला माणूस मी. कोणी हसलं नाही, आणि मला वाटतं, हसले असते तर बरं झालं असतं. त्याने मोबाइल मला परत दिला, चहा संपवला आणि म्हणाला, चला, वहिनींकडे जाऊ.

आधी तो कंपनीच्या मोठ्या ऑफिसात माझ्याबरोबर येऊन अर्ज देऊन आला, दोनदा. काही झालं नाही. नियम तो नियम, म्हणाले. मग नवीन फॉर्म भरायला तो घरी आला. जिना चढताना मला लाज वाटत होती, आणि खरं सांगतो, त्या लाजेतही मी विचार करत होतो की हा एवढा चांगला का वागतोय.

बायको साडीवर खडे चिकटवत बसली होती. कोपऱ्यातल्या संडासच्या खुर्चीवर आता साड्यांचा गठ्ठा ठेवलेला होता. एजंटने तिला सांगितलं, "वहिनी, कंपनीकडूनच घोटाळा झाला. शाखा बंद झाली ना, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. दादांनी धावपळ केली, पण उपयोग नाही झाला."

माझ्यावर पांघरूण घातलं त्याने. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की तसं नाही, मीच केलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खडा उचलला.

त्याने यावेळी सात कंपन्यांमधली एक निवडून दिली. का, तेही समजावलं. मी ऐकलं, पण हरकत घेतली नाही. फॉर्म आता मोबाइलवरच होता. नाव, वय, जुनं दुखणं. गुडघा, हो. मग तो थांबला. मोबाइल नंबरचा रकाना आला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे त्याला स्वतःचा लिहायचा नव्हता. मी माझा नंबर सांगायला सुरुवात केली. पहिले तीन आकडे बोललो असेन.

"भाऊ, मन्हा नंबर लिखा," बायको म्हणाली.

तिच्याकडे बटणांचा छोटा फोन आहे, साडीवाल्या व्यापाऱ्याशी बोलायला घेतलेला. नऊ वर्षांत तिने त्याचं सिम एकदाही बदललेलं नाही. तिने नंबर तोंडपाठ सांगितला, सावकाश, त्याला लिहिता यावा म्हणून मधे थांबत. एजंटने लिहिला. निरोप आल्याचा आवाज तिच्या फोनवर झाला तेव्हा तिने हातातला खडा खाली ठेवला, चष्मा लावला आणि आलेले आकडे एक-एक करून त्याला वाचून दाखवले. मला दाखवले नाहीत.

पुढे आठवडाभर मी तिला खरं सांगायची संधी शोधत होतो. ती बाजारात निघाली होती, मी पिशवी घेऊन मागे. जिन्यावर, पहिल्याच वळणावर, ती दम खायला थांबली तेव्हा म्हणालो की कंपनीचा घोटाळा नव्हता. निरोप माझ्याकडे आले होते. तुझी तीन वर्षं मी घालवली.

"माले माहीत शे," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. पुढच्या पायऱ्या उंच आहेत. मी पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवा तिच्यापुढे केला. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. टेबलावरून सरकणाऱ्या ताक्याकडे मी बघतो, तसं, नीट. मग तिने भिंतीला हात लावला आणि एकेक पायरी उतरायला लागली.